कंपनीने रेसिंग बंद केलं तर? रेसर, पालक आणि छोट्या टीमसाठी आधीची आणि नंतरची तयारी

मे २०२२मध्ये स्पेनमधल्या हेरेझची चाचणी संपली आणि मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेतल्या सुझुकीच्या टीमला कळलं की वर्षअखेर सगळं आवरायचं आहे. दोनच वर्षांपूर्वी याच टीमचा जोआन मीर विश्वविजेता झाला होता. आयोजक डोर्नाबरोबरचा करार २०२६पर्यंतचा होता. त्या हंगामातली शेवटची शर्यत, व्हॅलेन्सियाची, ॲलेक्स रिन्सने जिंकलीसुद्धा. तरी गॅरेज बंद झालंच.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. पुण्यातून चालणाऱ्या फोक्सवॅगन मोटरस्पोर्ट इंडियाने २०१० साली पोलो कप सुरू केला, पुढे व्हेंटो कप आणि अमिओ कप आले, आणि मग कंपनीने हा कार्यक्रमच थांबवला. टोयोटाचा इटिऑसवरचा कप फार काळ चालला नाही. मारुती सुझुकीने २०१९ साली डेझर्ट स्टॉर्म आणि दक्षिण डेअर या रॅलींमधून हात काढून घेतला. या प्रत्येक वेळी ज्यांनी आधी कागद नीट केले होते आणि सुटे भाग वेळेत उचलले होते, त्यांच्या गाड्या पुढेही ट्रॅकवर दिसल्या. पुढचं सगळं लिखाण त्या तयारीबद्दल आहे. वनमेक कपमध्ये (एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या स्पर्धेत) उतरू पाहणारा रेसर, त्याचे आईवडील आणि दोन-तीन गाड्यांची खासगी टीम डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे.

कार्यक्रम किती पक्का आहे, हे कसं ओळखायचं

पहिला प्रश्न: पैसा कंपनीच्या कोणत्या खात्यातून येतो? मार्केटिंगमधून येत असेल तर विक्री घसरलेल्या पहिल्याच वर्षी कात्री तिथे लागते. संशोधन खात्यातून येत असेल तर थोडा जास्त वेळ मिळतो, पण शिकण्यासारखं संपलं की तोही संपतो. बीएमडब्ल्यूने २०२१च्या हंगामानंतर फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची स्पर्धा सोडताना जवळपास हेच कारण दिलं होतं. सर्वांत टिकाऊ पैसा रेसिंगच्या गाड्या आणि त्यांचे भाग विकून येणारा. पोर्शने २०२५ संपताना जागतिक एन्ड्युरन्स (तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींच्या) स्पर्धेतला आपला हायपरकार या सर्वोच्च वर्गातला कार्यक्रम थांबवला, पण ग्राहकांना ९११च्या रेस गाड्या विकण्याचं काम चालूच ठेवलं, कारण त्यात गिऱ्हाईक पैसे देतं. कपच्या माणसांना सरळ विचारा: गाडी विकत मिळते का, की फक्त फी भरून चालवायला मिळते? विकत मिळत असेल तर तुमच्या हातात काहीतरी उरतं.

दुसरा प्रश्न नियमांच्या चक्राचा. तांत्रिक नियम बदलतात तेव्हा नव्या गाडीसाठी मोठा खर्च मंजूर करावा लागतो, आणि बाहेर पडायचं दार नेमकं त्याच वेळी उघडतं. मोटोजीपीत २०२७पासून १००० सीसीऐवजी ८५० सीसी इंजिन, मिशेलिनऐवजी पिरेली टायर आणि धावताना गाडीची उंची कमी करणाऱ्या (राइड हाइटच्या) साधनांवर बंदी येणार आहे. त्यामुळे त्याआधीची दोन वर्षं प्रत्येक कंपनीसाठी निर्णयाची. मात्र नवी गाडी बांधली जात आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जागतिक रॅली स्पर्धेसाठी फोक्सवॅगनची २०१७ची पोलो डब्ल्यूआरसी तयार होती, तिच्या चाचण्या झाल्या होत्या, आणि नोव्हेंबर २०१६मध्ये सलग चौथं जेतेपद हातात असताना कंपनीने माघार जाहीर केली. डिझेल घोटाळ्याचा खर्च सगळ्यावर भारी पडला. त्यांचा ड्रायव्हर सेबॅस्टियन ओजिए एम-स्पोर्ट या खासगी टीमच्या फोर्डमध्ये गेला आणि २०१७चा विजेता झाला.

तिसरा प्रश्न भारतात सर्वांत महत्त्वाचा: ज्या मॉडेलवर कप चालतो ते शोरूममध्ये अजून किती वर्षं विकलं जाणार? एप्रिल २०२०मध्ये प्रदूषणाचं बीएस ६ मानक लागू झालं तेव्हा अमिओ बंद झाली. २०२२मध्ये इथल्या पोलोचं उत्पादन थांबलं. मॉडेल बंद होणार असेल तर जाहिरातीला उपयोग उरत नाही आणि कप एक-दोन हंगामांत आटोपतो. प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या नव्या नियमांच्या तारखा आधीच जाहीर होतात. त्या तारखा आणि तुमच्या कपचं मॉडेल शेजारी शेजारी मांडून बघा.

चौथं, मूळ कंपनीची तब्येत. केटीएम या ऑस्ट्रियन मोटरसायकल कंपनीचं उदाहरण पुण्याच्या दारातलं आहे. न विकलेल्या गाड्यांचा साठा आणि कर्ज यांमुळे नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. फेब्रुवारी २०२५मध्ये धनकोंनी तीस टक्के रकमेवर तडजोड मान्य केली, बजाजने ८० कोटी युरोंचं आर्थिक पाठबळ उभं केलं आणि त्याच वर्षी कंपनीचा ताबा घेतला. म्हणजे डकारच्या वाळवंटातल्या आणि मोटोजीपीतल्या त्या केशरी गाड्यांचं बजेट आता बजाजच्या आकुर्डीतल्या मुख्यालयातून तपासलं जातं. ज्यांना त्या कार्यक्रमाचा अंदाज घ्यायचा आहे, त्यांनी शर्यतींच्या बातम्यांपेक्षा तिमाही निकाल वाचावेत. वितरकांकडचा साठा वाढतोय का, कर्जावरचं व्याज वाढतंय का आणि व्यवस्थापनाच्या निवेदनात रेसिंगचा उल्लेख किती ओळींचा आहे, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

माघारीच्या घोषणांना ऋतूही असतो. होंडाने एफ वन सोडल्याचं डिसेंबर २००८मध्ये जाहीर केलं, त्याच महिन्यात सुझुकी आणि सुबारू रॅलीतून गेल्या, टोयोटाने नोव्हेंबर २००९मध्ये एफ वन सोडलं, ऑडीने ऑक्टोबर २०१६मध्ये एन्ड्युरन्स. पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं ते याच महिन्यांत. भारतीय कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलचं, म्हणून इथे जानेवारी ते मार्च हा काळ नाजूक. मार्च संपेपर्यंत कपचं वेळापत्रक आणि फी जाहीर झाली नसेल तर दुसरी सोय बघायला लागा.

दीर्घकाळ टिकलेले कार्यक्रमही आहेत, आणि ते का टिकले हे समजून घेण्यासारखं आहे. टीव्हीएस रेसिंग १९८२पासून चालू आहे, त्यांची वनमेक स्पर्धा १९९४पासून. तिथे रेसिंग विभाग आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा विकास हातात हात घालून चालतो. महिंद्रा २०१४मधल्या पहिल्या हंगामापासून फॉर्म्युला ईमध्ये आहे. ऑडी, बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज निघून गेल्या तरी ती राहिली आणि चौथ्या पिढीच्या गाडीसाठीही नाव नोंदवलं.

सही करण्याआधी करारात काय हवं

रेसर अठरा वर्षांखालचा असेल तर करार पालकांच्या नावे करा. भारतीय कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, म्हणजे त्याच्या सहीवर तुम्हाला परतावा मागता येणार नाही.

पूर्ण फी एकरकमी भरू नका. सहीच्या वेळी पाव भाग आणि उरलेली रक्कम प्रत्येक फेरीच्या सात दिवस आधी, अशी विभागणी मागा. आयोजक सहसा खळखळ करतात, पण दोन हप्त्यांपर्यंत तयार होतात. हंगामात किमान किती फेऱ्या होतील तो आकडा लिहून घ्या आणि त्याखाली गेलं तर परताव्याचं सूत्र लिहून घ्या. ‘अपरिहार्य परिस्थिती’च्या कलमात कंपनीचा स्वतःचा व्यावसायिक निर्णय येत नाही, हे एक वाक्य वकिलाकडून घालून घ्या. सगळे वाद याच फटीतून निघतात.

बक्षीस म्हणून पुढच्या हंगामाची जागा किंवा परदेशातली चाचणी दिली जात असेल तर कार्यक्रम बंद पडल्यास तिची रोख किंमत किती, ते विचारा. विजेत्याला मिळणारी जागाच नाहीशी झाली तर त्याचं पूर्ण वर्ष हवेत राहतं. अपघाती नुकसानीची अनामत, तिची कमाल मर्यादा आणि ती परत करण्याची मुदतही कागदावर हवी.

डेटाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. प्रत्येक फेरीनंतर ४८ तासांत लॉगरची (गाडीतला डेटा नोंदवणाऱ्या यंत्राची) मूळ फाइल तुम्हाला मिळेल असं कलम घाला. ब्रेकचा दाब, थ्रॉटल, स्टिअरिंगचा कोन, वेग आणि जीपीएस असे पाच चॅनल तरी हवेतच. मूळ फाइलबरोबर कुठल्याही संगणकावर उघडणारी सीएसव्ही प्रतही ठेवा, कारण विभाग बंद झाल्यावर त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्याकडे नसतो. पुढची टीम तुमच्या चषकांचे फोटो बघत नाही, मद्रासच्या ट्रॅकवर तुम्ही ब्रेक कुठे आणि किती दाबता ते बघते.

बातमी आल्यावरचे पहिले दोन आठवडे

पहिल्याच दिवशी ईमेल पाठवा, फोनवर विसंबू नका. गाड्या विकणार का आणि कोणाला, सुटे भाग किती वर्षं मिळणार, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) पासवर्ड आणि मॅप (त्यातली इंधन-इग्निशनची सेटिंग) देणार का, फायबरच्या भागांचे साचे कुठे आहेत, इंजिन आणि गिअरबॉक्स किती किलोमीटर चाललेत त्याच्या नोंदी आणि राहिलेली देणी, या सहा गोष्टींचं लेखी उत्तर मागा. उत्तर देणारी माणसं स्वतः अधांतरी असतात, तेव्हा सूर सौम्य ठेवा, पण तारीख घालून मागा. पंधरा दिवसांनी त्या ईमेल आयडीवर कोणी असेलच असं नाही.

त्याच आठवड्यात बाकीच्या टीमशी बोला. आठ-दहा टीमनी मिळून भागांचा पूर्ण साठा एका बिलावर उचलला तर भाव निम्म्यापर्यंत उतरवता येतो, कारण कंपनीला गोदाम रिकामं करायचं असतं. एकेकट्याने गेलात तर सगळे तेच चार महागडे भाग उचलतात आणि उरलेलं भंगारात जातं. साचे एखाद्या तटस्थ कारागिराकडे ठेवा आणि बंपरचा दर वर्षभरासाठी ठरवून टाका.

एक अडचण कायम येते. परदेशातून तात्पुरत्या आयातीवर आणलेले भाग जकात भरल्याशिवाय इथे विकता येत नाहीत. अशा भागांची यादी आधी वेगळी काढायला सांगा. नाहीतर पैसे दिल्यावर माल बंदरातून परत जातो. गाडी घेताना चेसिस क्रमांक असलेलं जीएसटी बिल आणि गाडीचं लॉगबुक हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. या गाड्यांची आरटीओ नोंदणी नसते, त्यामुळे मालकीचा पुरावा एवढाच.

कंपनीकडून जाता जाता किती मिळू शकतं, याचं टोकाचं उदाहरण होंडाचं. २००९च्या सुरुवातीला टीमचा प्रमुख रॉस ब्रॉनने ती एफ वन टीम एका पौंडाला घेतली. आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण होंडाने त्या वर्षासाठी दिलेला निधी विसरला जातो. ब्रॉन जीपी झालेली ती टीम मर्सिडीजचं इंजिन लावून ड्रायव्हर आणि टीम अशी दोन्ही जेतेपदं जिंकली ती त्या निधीच्या जोरावर. तुमच्या पातळीवरही निरोपाच्या वाटाघाटीत गाडीपेक्षा एका हंगामाचे भाग मोफत मागणं जास्त शहाणपणाचं.

सुटे भाग: काय आणि किती

सगळ्या भागांचे तीन ढीग करा. शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर मिळणारे: चाकांचे बेअरिंग, फिल्टर, सेन्सर, होज, वॉटर पंप, इंजिन माउंटिंगचे मूळ रबर. यांची घाई नाही, मॉडेल बंद झाल्यावरही काही वर्षं मिळतात. दुसरा ढीग बाहेरच्या रेसिंग पुरवठादारांचा: ब्रेक पॅड, डिस्क, कॅलिपरची सील, शॉकअब्झॉर्बरची सील आणि शिम. यांचे मूळ पार्ट नंबर उतरवून ठेवा, कारण कंपनीच्या डब्यावर कंपनीचा नंबर असतो आणि त्यावरून मूळ उत्पादक सापडत नाही. तिसरा ढीग फक्त रेसिंग विभागाकडचा. पैसा इथे घाला.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या टर्बो हॅचबॅक किंवा सेदानसाठी, एका गाडीला दोन हंगाम पुरेल असा तिसऱ्या ढिगाचा हिशेब असा: जुळवलेल्या मॅपसह एक जादा ईसीयू, इंजिनचं वायरिंग एक, ड्राइव्हशाफ्टच्या दोन जोड्या, पुढच्या अपराइटची (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाची) एक जोडी, लोअर आर्मच्या दोन जोड्या, शॉकअब्झॉर्बरचा एक पूर्ण संच, रिम आठ, पुढचे बंपर तीन, मागचे दोन, बॉनेट एक. सिक्वेन्शियल (क्रमानेच गिअर बदलणारा) गिअरबॉक्स असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या डॉग रिंगचे (गिअर अडकवणाऱ्या दातांच्या कड्यांचे) दोन संच आणि सिलेक्टर फोर्क दोन. पैसे कमी असतील तर बंपर कमी करा, ड्राइव्हशाफ्ट कमी करू नका. बंपर कोल्हापुरात किंवा पुण्यात फायबरचं काम करणारा कोणीही चार दिवसांत बनवून देतो.

डॉग रिंग का? गिअर बदलताना इंजिनचा जोर क्षणभर तोडणाऱ्या सेन्सरची जुळणी बिघडली की डॉगच्या कडा गोल होतात आणि ब्रेक मारताना गिअर सुटतो. दर दोन फेऱ्यांनी तेल काढून चुंबकावरचा कीस बघा. बारीक राखाडी लगदा चालेल. नखाएवढे तुकडे दिसले तर पेटी उघडायचीच.

ईसीयू आणि इंधन

कप गाड्यांचा ईसीयू सीलबंद असतो, आणि त्यात शिरण्याचा मार्ग बहुधा एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर. तो माणूस दुसरीकडे गेला की गाडी ठणठणीत असूनही मॅप बदलता येत नाही. म्हणून पासवर्ड, मूळ मॅपची फाइल, कनेक्टरच्या पिनांचा नकाशा आणि कॅन संदेशांची (गाडीतले संगणक एकमेकांना पाठवतात त्या संदेशांची) यादी, चारही मिळवा. ज्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालतं तो परवान्यासकट विकत मिळाला तर घ्या आणि त्याला इंटरनेट लावू नका. एका अपडेटने जुना ड्रायव्हर बंद पडतो. काहीच मिळालं नाही तर बाजारातला स्वतंत्र ईसीयू बसवावा लागतो. त्यात नवं वायरिंग, डायनोवरचे (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) किमान दोन दिवस आणि एबीएस किंवा डॅशबोर्डशी जुळवण्याचा त्रास धरा.

मॅपचं दुखणं इंधनात लपलेलं असतं. कपचा मॅप ठरावीक रेसिंग इंधनावर बनवलेला. कप संपला, ते पिंपही संपलं, आणि गाडी पंपावरच्या पेट्रोलवर आली. ऑक्टेन कमी झालं की नॉकिंग होतं, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठोके बसतात, आणि टर्बो इंजिनात ते आवाजाने कळेपर्यंत पिस्टनच्या रिंगेजवळची कड तुटलेली असते. पहिल्या सत्राआधी बूस्ट (टर्बोचा दाब) कमी करा, पूर्ण लोडवर इग्निशन दोन-तीन अंश मागे घ्या, आणि तीन लॅपनंतर प्लग काढून बघा. पांढऱ्या भागावर काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले तर आणखी मागे या.

शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, दहा टक्के मिश्रणाला १४.१, वीस टक्क्यांना साधारण १३.५. दहा टक्क्यांवर जुळवलेली गाडी वीसवर नेली की सुमारे चार टक्के इंधन कमी पडतं. अर्ध्या थ्रॉटलला एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर ते भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच मॅपमध्ये त्याचं ऐकलंच जात नाही, आणि इंजिन सगळ्यात गरम असताना कोरडं, म्हणजे कमी इंधनावर, चालतं. इंजेक्शनची वेळ तेवढी वाढवा, उच्च दाबाचा पंप दाब टिकवतोय का ते लॉगमध्ये बघा आणि जुने रबरी होज बदला. दोन शर्यतींच्या मध्ये टाकी रिकामी ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

सुरक्षा साहित्याच्या तारखा

स्वस्त मिळालेल्या गाडीचा हिशेब इथे चुकतो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या ८८५५-१९९९ मानकाचं सीट बनल्यापासून पाच वर्षं चालतं, ८८६२-२००९चं दहा. हार्नेस, म्हणजे रेसिंगचा सीटबेल्ट, पाच वर्षं. एफटी ३ दर्जाची इंधनाची टाकी पाच वर्षं. अग्निशामक दर दोन वर्षांनी तपासून शिक्का घ्यायचा. बंद पडलेल्या कपच्या गाड्या सगळ्या एकाच वर्षी बनलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या तारखाही एकदमच संपतात. सौदा करताना लेबलांचे फोटो मागवा आणि बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. रोल केजचं (ड्रायव्हरभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याचं) प्रमाणपत्र आणि त्याचे वेल्डिंगचे कागद कंपनीकडूनच मिळतात, तेही बिलाबरोबर घ्या.

गाडी पुढे कुठे पळवायची

घ्यायच्या आधी एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा की ही गाडी इंडियन टुरिंग कार्स किंवा तत्सम खुल्या वर्गात बसते का. वजन, टर्बोचं (आत जाणारी हवा मर्यादित करणारं) रिस्ट्रिक्टर आणि गिअरबॉक्स या तीन ठिकाणी कप गाडी अडकते. शंका असेल तर तांत्रिक समितीला लिहा आणि उत्तर जपून ठेवा.

टायर बदलणार, म्हणून सेटिंगही बदलणार. कपचं सेटिंग एकाच टायरभोवती केलेलं असतं. नव्या टायरवर पाच लॅप करून पिटमध्ये आल्यावर मिनिटाभरात सुई असलेल्या थर्मामीटरने प्रत्येक टायरची आतली, मधली आणि बाहेरची बाजू मोजा. आतली बाहेरच्यापेक्षा पाच ते आठ अंशांनी गरम हवी. फरक त्याहून मोठा असेल तर कॅम्बर (चाकाचा कल) कमी करा. मधली दोन्हींपेक्षा गरम असेल तर हवा कमी करा. मद्रासचा ट्रॅक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, म्हणून पुढच्या डाव्या टायरवरून निर्णय घ्या.

नव्या रेसरला निवड करायची असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पहिले दोन हंगाम एखाद्या कंपनीच्या इच्छेवर न चालणाऱ्या वर्गात घाला. मारुतीच्या १.३ लिटर इंजिनावर चालणारा फॉर्म्युला एलजीबी हा तसा वर्ग. ज्या गाड्यांतून ती इंजिनं आली त्या शोरूममधून कधीच गेल्या, तरी वर्ग चालू राहिला, कारण इंजिन साधं आहे, भाग जुन्या बाजारातही सापडतात आणि ते उघडून बांधणारे मेकॅनिक कोइम्बतूर आणि चेन्नईत आहेत. कंपनीच्या कपची जागा मिळाली तर जरूर घ्या, गाडी आणि ट्रॅकवरचा वेळ दोन्ही चांगले मिळतात. फक्त त्या वर्षाच्या बजेटमधला पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवा. कप मध्येच थांबला तर त्यातून खुल्या वर्गातल्या भाड्याच्या गाडीवर तुमच्या उरलेल्या फेऱ्या पूर्ण होतील.